आरोग्याचा धडा आणि शाळेची विहीर

शाळेंत आरोग्याचें शिक्षण दिलें पाहिजे, याविषयीं सुशिक्षित समाजांत आज फारसा मतभेद उरलेला नाहीं. भाषा, गणित, इतिहास, भूगोल यांच्या जोडीला शरीराची ओळख, स्वच्छतेचे नियम व रोगांपासून बचाव करण्याचे उपाय प्रत्येक मुलास ठाऊक असावेत, ही गोष्ट सर्वांस मान्य आहे. परंतु आरोग्यशिक्षण सक्तीचें करावयाचें म्हणजे ती सक्ती कोणावर करावयाची, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. मुलानें आरोग्याचा धडा शिकून परीक्षेंत उत्तर दिलें पाहिजे, ही एक प्रकारची सक्ती झाली. शाळेनें मुलाला शुद्ध पाणी, पुरेशी हवा, शौचकूप व खेळावयास जागा दिली पाहिजे आणि त्याची प्रकृति तपासून घेतली पाहिजे, ही दुसऱ्या प्रकारची. पहिली सक्ती स्वस्त असते. क्रमिक पुस्तकांत चार पानें वाढविलीं कीं ती अंमलांत आली असें म्हणतां येतें. दुसरीला पैसा लागतो. आपल्या देशानें पहिली लवकर पत्करली. दुसरी कायद्यांत उतरण्यास सव्वाशें वर्षें लागलीं. त्या सव्वाशें वर्षांची हकीकत वऱ्हाडांतील यवतमाळ जिल्ह्याच्या अंगानें पाहिली, तर ती अधिक स्पष्ट दिसते.

हा जिल्हा पूर्वी वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. १९०५ सालीं त्याला यवतमाळ हें नांव मिळालें. वऱ्हाड प्रांत १८५३ सालीं निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यांत आला, १९०२ सालीं तो कायमच्या पट्ट्यानें त्यांच्याकडे राहिला आणि पुढच्याच वर्षीं मध्यप्रांताला जोडला गेला. तेव्हांपासून येथील शाळांचीं मुख्य सूत्रें नागपूरकडे गेलीं. पूर्वेकडे वर्धा नदी, दक्षिणेकडे पैनगंगा, मध्यें डोंगर व जंगल, आणि काळ्या जमिनीवर कापूस, असें या जिल्ह्याचें रूप आहे. वस्तीहि एकजिनसी नाहीं. कुणब्यांच्या गांवांशेजारीं बंजाऱ्यांचे तांडे आहेत, कोलामांचे पोड आहेत, गोंड व आंध यांच्या वस्त्या आहेत. शाळेंतलें पुस्तक मराठी. तांड्यावरच्या घरांतली बोली गोरमाटी आणि पोडावरची कोलामी. तेव्हां शुद्ध हवा आणि शुद्ध पाणी यांचा धडा या मुलांपर्यंत पोंचण्यापूर्वीं त्याला भाषेचा ओढा ओलांडावा लागे, हें ध्यानांत ठेवलें पाहिजे.

प्राथमिक शाळेंत आरोग्याला जागा द्यावी, असें सरकारी कागदांत फार पूर्वीं लिहिलें गेलें. १८८२ सालीं नेमलेल्या हंटर आयोगानें अशी शिफारस केली कीं, प्राथमिक शाळांतील अभ्यासक्रम सोपा करावा व त्यांत व्यवहारोपयोगी विषयांना अधिक वाव द्यावा. देशी पद्धतीचे हिशेब, जमिनीची मोजणी, सृष्टिविज्ञानाचीं मूलतत्त्वें, आणि त्या तत्त्वांचा शेती, आरोग्य व उद्योगधंदे यांत होणारा उपयोग, असे विषय आयोगानें सुचविले. सूचना चांगली होती. परंतु त्या काळची शाळा परीक्षेच्या निकालावर मोजली जाई. अनेक प्रांतांत तिचें अनुदानहि निकालावर ठरे. ज्या गोष्टीची तोंडी परीक्षा घेतां येते ती शिकविली जाते आणि जिची घेतां येत नाहीं ती मागें पडते, हा शाळांचा जुना अनुभव आहे. दिपोटीसाहेबांनीं शुद्ध हवेचे फायदे विचारावेत आणि मुलानें ते ओळीनें सांगावेत, एवढ्यानें विषय पुरा होई. ज्या खोलींत हे फायदे सांगितले जात, ती देवळाची ओवरी आहे कीं चावडीचा एका झरोक्याचा कोपरा आहे, हें त्या प्रश्नांत येत नसे.

हा दोष केवळ आपल्याकडचा होता असें मानण्याचें कारण नाहीं. अमेरिकेंत होरेस मॅन या शिक्षणसुधारकाच्या खटपटीनंतर मॅसॅच्युसेट्स संस्थानांत १८५० सालीं शाळांतून शरीरशास्त्र व आरोग्य शिकविण्यासंबंधीं कायदा झाला. पुढें मद्यपानविरोधी चळवळींतील स्त्रियांनीं हा विषय हातीं घेतला. १८८२ सालीं व्हरमाँट संस्थानानें शाळेंत मद्याचे दुष्परिणाम शिकविणें कायद्यानें आवश्यक केलें आणि विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत तेथील सर्व संस्थानांत तसे कायदे झाले. शिकविणें सक्तीचें झालें, पाठ्यपुस्तकांत काय असावें तेंहि ठरलें. मात्र मुलाच्या प्रकृतीची चौकशी त्या कायद्यांत नव्हती. इंग्लंडांत उलट झालें. बोअर युद्धाच्या वेळीं सैन्यांत भरती होण्यास आलेल्या तरुणांपैकीं फार मोठी संख्या शरीरानें नालायक ठरली, तेव्हां देश दचकला. १९०४ सालीं चौकशी समितीचा अहवाल आला, १९०६ सालीं गरजू मुलांना शाळेंत जेवण देण्याचा कायदा झाला व १९०७ सालीं विद्यार्थ्यांची वैद्यकीय तपासणी कायद्यांत आली. हिंदुस्थानांत या दुसऱ्या वाटेवर पहिलें पाऊल टाकलें तें बडोद्यानें. सयाजीराव गायकवाडांनीं १९०६ सालीं आपल्या राज्यांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें केलें होतें, आणि १९०९ सालीं बडोदें शहरांत शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी झाली. या दोन वर्षांचा संबंध सहज लागण्याजोगा आहे. मुलाला कायद्यानें एखाद्या खोलींत बसविलें, म्हणजे त्या खोलीच्या हवापाण्याची जबाबदारीहि कायद्यावर येते.

ब्रिटिश मुलखांतहि १९१३ सालच्या शिक्षणविषयक सरकारी ठरावांत आरोग्याचें शिक्षण, शाळागृहांची स्वच्छता व विद्यार्थ्यांची तपासणी यांचा विचार झाला. परंतु ठराव आणि अंमलबजावणी यांच्या मध्यें महायुद्ध आलें, आणि त्याच्या पाठोपाठ १९१८ सालची इन्फ्लुएंझाची साथ. त्या साथींत मध्यप्रांत व वऱ्हाड हा देशांतील सर्वाधिक मनुष्यहानि झालेल्या प्रदेशांपैकीं एक ठरला. दोनच वर्षांनीं, १९२० सालीं, या प्रांतांत दोन कायदे झाले. एकानें स्थानिक संस्थांना आपल्या हद्दींत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करण्याची मुभा मिळाली. दुसऱ्यानें स्थानिक स्वराज्याची नवी घडी बसून खेड्यांतील शाळा डिस्ट्रिक्ट कौन्सिलांच्या कारभारांत आल्या. अधिकार आले, पण उत्पन्न तुटपुंजें. मास्तरांचे पगार भागवून जें उरेल त्यांत विहीर, भिंत आणि संडास यांचा क्रम शेवटचा लागला, तर त्यांत नवल नव्हतें.

सरकारी शाळा धडा वाचीत होती, त्याच काळांत वऱ्हाडांत आरोग्याचें दुसरें शिक्षण शाळेबाहेर चाललें होतें. अमरावतीस वैद्य बंधूंनीं १९१४ सालीं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन केलें. मल्लखांब, कुस्ती, लाठी, कबड्डी या देशी व्यायामांना तेथें शिस्तबद्ध शिक्षणाचें रूप मिळालें, व्यायामशिक्षक तयार होऊं लागले, आणि १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिक सामन्यांच्या वेळीं मंडळाच्या पथकानें तेथें आपले खेळ दाखविले. शाळेच्या पटांगणांतील कवाइतीला या मंडळानें जीव आणला, हें मोठें काम झालें. तरी व्यायामाची एक मर्यादा आहे. आखाड्यांत येणारा मुलगा बहुधा आधींच धडधाकट असतो; हिंवतापानें प्लीहा वाढलेलें मूल पटांगणाच्या कडेला बसून राहतें. त्याचा प्रश्न मल्लखांबानें सुटत नाहीं.

दुसरे शिक्षक होते गाडगेबाबा. अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांवीं १८७६ सालीं जन्मलेला हा पुरुष हातांत खराटा घेऊन गांवोगांव फिरला. आधीं गांव झाडावयाचें आणि मग रात्रीं कीर्तन करावयाचें, असा त्यांचा क्रम असे. १९५६ च्या डिसेंबरांत त्यांचें देहावसान झालें, तोंवर शाळेंत कधीं न गेलेल्या लक्षावधि माणसांनीं त्यांच्या तोंडून स्वच्छतेचा उपदेश ऐकला होता. शिक्षणशास्त्राच्या दृष्टीनें पाहतां त्यांच्या पद्धतींत एक मर्म होतें. उपदेशाच्या आधीं कृति होती, आणि ती ज्या गांवांत उपदेश व्हावयाचा त्याच गांवाच्या रस्त्यावर होती.

हेंच मर्म शाळेच्या अभ्यासक्रमांत आणण्याचा यत्न यवतमाळपासून फार दूर झाला नाहीं. वर्धा नदी ओलांडली कीं वर्धा जिल्हा लागतो. तेथें २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजीं गांधीजींच्या अध्यक्षतेखालीं शिक्षणपरिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनें त्याच वर्षअखेरीस नव्या शिक्षणाचा आराखडा सादर केला. सात ते चौदा वर्षांच्या मुलांसाठीं हस्तोद्योगाभोंवतीं गुंफलेल्या या अभ्यासक्रमांत सामान्य विज्ञानाच्या पोटांत शरीरशास्त्र, आरोग्य व शारीरिक शिक्षण यांचा समावेश होता. सेवाग्रामांत आर्यनायकम् दंपतीच्या देखरेखीखालीं ही नयी तालीम चालली. तेथें सफाई हा पुस्तकांतला विषय राहिला नाहीं. आवार झाडणें, पाणी भरणें, स्वयंपाकघर व शौचकूप नेटके ठेवणें हा मुलांच्या दिनक्रमाचाच भाग झाला. गांधीजींनीं आपल्या विधायक कार्यक्रमांत आरोग्यशिक्षणाला स्वतंत्र कलम दिलें, आणि १९४२ सालीं आगाखान पॅलेसमधील बंदिवासांत आरोग्यावर एक छोटें पुस्तकहि लिहिलें. मध्यप्रांत-वऱ्हाडचे शिक्षणमंत्री रविशंकर शुक्ल यांनीं याच सुमारास विद्यामंदिर योजना पुढें आणली. खेड्यांतील शाळेला जमीन मिळावी व तिच्या उत्पन्नावर ती चालावी, अशी तिची कल्पना होती. योजना नांवावरून वादांत सांपडली आणि १९३९ च्या नोव्हेंबरांत मंत्रिमंडळानेंच राजीनामा दिल्यानें तिचा जोर ओसरला.

यानंतरचा महत्त्वाचा कागद म्हणजे भोर समितीचा अहवाल. समितीचे अध्यक्ष सर जोसेफ भोर हे जन्मानें नाशिकचे. १९४३ सालीं नेमलेल्या या समितीनें १९४६ सालीं आपलें प्रतिवृत्त दिलें. त्यांतील आंकडे वाचतांना आजहि मन खिन्न होतें. ब्रिटिश हिंदुस्थानांत जन्मणाऱ्या दर हजार मुलांपैकीं १६२ मुलें वर्षाच्या आंत दगावत. आयुर्मान सरासरी २७ वर्षांचें होतें. आणि एकंदर मृत्यूंपैकीं जवळजवळ निम्मे दहा वर्षांच्या आंतील बालकांचे होते. म्हणजे शाळेच्या वयापर्यंत पोंचणें हीच मुळीं एक परीक्षा होती, आणि ती उतरलेल्या मुलांसाठीं देशांत शालेय आरोग्यव्यवस्था जवळजवळ नव्हतीच, असें समितीनें स्पष्ट लिहिलें. तिनें केलेली मांडणी मात्र आजहि उपयोगी आहे. मुलांतील व्यंगें व रोग शोधून त्यांवर उपचार करणें, शाळेच्या आंतबाहेर आरोग्यकारक परिसर राखणें, पूरक आहार देणें, खेळ व व्यायाम घेणें, आणि प्रत्यक्ष शिकवणुकीबरोबर आरोग्याच्या संवयी अंगीं बाणविणें, अशीं कामें तिनें शाळेकडे सोंपविलीं. या यादींत शिकवणूक शेवटीं येते आणि तीहि संवयींशीं जोडलेली आहे, ही गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे.

स्वातंत्र्यानंतर समित्या आल्या व गेल्या. १९५३ सालीं माध्यमिक शिक्षण आयोगानें विद्यार्थ्यांची तपासणी व शाळेंतील आहार यांवर भर दिला. १९६० सालीं रेणुका राय यांच्या अध्यक्षतेखालीं शालेय आरोग्य समिति नेमली गेली. राज्याची रचनाहि बदलली. १९४८ सालीं मध्यप्रांतांत जनपद सभांची योजना झाली, १९५६ सालीं विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यांत आला, १९६० सालीं महाराष्ट्र झाला, आणि १९६२ पासून खेड्यांतील प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेकडे आल्या. १९६७ सालीं पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजे बालभारती, स्थापन झाल्यावर राज्यभर एकसारखीं पुस्तकें मिळूं लागलीं. आरोग्याचे धडे अधिक शास्त्रशुद्ध झाले, चित्रें सुबक झालीं. विहिरीचा प्रश्न मात्र राहिला.

धडा आणि विहीर एकत्र आल्यावर काय होतें, याचें सुंदर उदाहरण नारूच्या रोगाचें आहे. पायऱ्यांच्या विहिरींत माणसें उतरत, त्यांच्या पायांतील नारूचे जंतु पाण्यांत मिसळत, तेथील सूक्ष्म प्राण्यांच्या पोटांत जात, आणि तें पाणी प्यालेल्या माणसाच्या शरीरांत वर्षभरानें हात-दीड हात लांबीचा नारू तयार होई. महाराष्ट्रहि या रोगानें ग्रासलेल्या राज्यांपैकीं एक होता. १९८० नंतरच्या दशकांत देशव्यापी मोहीम निघाली. पाणी दुपदरी कापडानें गाळून घ्या, हें घरोघर शिकविलें गेलें. त्याच वेळीं पायऱ्यांच्या विहिरी बदलण्यांत आल्या व हातपंप बसले. देशांतील शेवटचा रुग्ण १९९६ सालीं राजस्थानांत आढळला आणि २००० सालीं भारत नारूमुक्त झाल्याचें जाहीर झालें. या रोगावर लस नव्हती, औषध नव्हतें. केवळ शिकवण व सोय यांच्या जोडीनें तो देशांतून गेला.

याच्या उलट उदाहरण यवतमाळ जिल्ह्यांतच आहे. तेथील कांहीं गांवांच्या भूगर्भांतील पाण्यांत फ्लोराइडाचें प्रमाण मर्यादेबाहेर आहे. एका लिटरांत दीड मिलिग्रॅमहून अधिक फ्लोराइड असूं नये, असा जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक आहे. कायमचे दांत हिरडीच्या आंत घडत असतां असें पाणी पोटांत गेलें, तर ते दांत पांढुरके ठिपके किंवा पिवळे-तपकिरी पट्टे घेऊनच बाहेर येतात. वर्षानुवर्षें तेंच पाणी प्यालें तर हाडें व सांधे आंखडतात. आतां अशा गांवांतील शाळेचा विचार करावा. पुस्तकांत लिहिलें आहे कीं, दांत रोज घासावे म्हणजे ते स्वच्छ राहतात. मूल दांत घासतें. डाग जात नाहींत. तपासणीच्या वेळीं त्यालाच आळशी ठरविणें सोपें असतें. नारूला कापडाची गाळणी पुरली. फ्लोराइड कापडानें अडत नाहीं आणि पाणी उकळूनहि जात नाहीं. येथें मुलानें पाळण्याजोगा नियमच शिल्लक नाहीं. दुसरें पाणी आणणें किंवा आहे तें पाणी शुद्ध करणारें यंत्र चालू ठेवणें, हाच उपाय. आणि तो मुलाच्या हातांत नाहीं, पंचायतीच्या व शाळेच्या हातांत आहे.

असाच आणखी एक कटु धडा २०१७ सालीं मिळाला. त्या वर्षीं कापसावर कीटकनाशकें फवारतांना विषबाधा होऊन जिल्ह्यांत वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखीं पडले, शेंकडों आजारी झाले. विष पोटांत गेलें तरच बाधतें, ही सर्वसाधारण समजूत. तें श्वासावाटे व घामेजल्या कातडीवाटेहि शरीरांत शिरतें, हें फवारणी करणाऱ्यांपैकीं किती जणांस नीट समजावून सांगितलें गेलें असेल? ज्या मुलांच्या घरच्या पडवींत फवारणीचा पंप टांगलेला असतो, त्यांच्या आरोग्याच्या पुस्तकांत हा धडा आधीं हवा. पण येथेंहि नुसतें ज्ञान पुरत नाहीं. हातमोजे, तोंडावरचा पडदा आणि काम झाल्यावर अंग धुण्यास पाणी देण्याची जबाबदारी मजुरावर टाकून चालत नाहीं.

शिकविण्याच्या बाजूला अडथळे नाहींत असेंहि नाहीं. वयांत येणाऱ्या मुलामुलींना शरीरांतील फरकांची व लैंगिक रोगांची माहिती देणारा कार्यक्रम २००७ सालीं महाराष्ट्रांत विधिमंडळांतील विरोधानंतर थांबविण्यांत आला. ऱ्हस्वदृष्टीच्या लाजेपुढें शास्त्र माघार घेतें, हा प्रकार र. धों. कर्व्यांनीं १९२७ सालीं ‘समाजस्वास्थ्य’ काढलें तेव्हांपासून महाराष्ट्राच्या परिचयाचा आहे. २०२० सालीं केंद्र सरकारनें सुरू केलेल्या शालेय आरोग्य कार्यक्रमांत प्रत्येक शाळेंतील दोन शिक्षकांनीं अकरा विषय शिकवावयाचे ठरले असून, त्यांत वाढीच्या वयाचे प्रश्नहि आले आहेत.

दुसरी सक्ती, म्हणजे शाळेवरची, अखेर २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें आली. तो १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आहे. मुलगे व मुली यांच्यासाठीं वेगळीं स्वच्छतागृहें, सर्व मुलांना पुरेसें व निर्धोक पिण्याचें पाणी, जेवण शिजविण्यास जागा आणि खेळाचें मैदान, यांवांचून शाळा ही शाळा ठरत नाहीं, असें त्याच्या परिशिष्टांत नमूद आहे. १८८२ च्या शिफारशीपासून या परिशिष्टापर्यंत १२७ वर्षें गेलीं. स्वच्छतागृह नसल्यामुळें वयांत आलेल्या मुलीची शाळा सुटते, आणि एकदां शाळा सुटली कीं आरोग्याचा उत्तम धडाहि तिच्यापर्यंत पोंचत नाहीं. या एका गोष्टीवरून त्या विलंबाची किंमत कळून येते.

कायदा झाला म्हणजे काम झालें, असें मात्र या इतिहासावरून म्हणतां येणार नाहीं. १९१३ चा ठरावहि चांगलाच होता. फरक एवढाच कीं, आतां शासकीय व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितींत तीनचतुर्थांश सभासद पालक असावेत, असें कायदाच सांगतो. पालकसभेला गेलेले आईबाप बहुधा गुणपत्रिका पाहून परततात. त्यांनीं त्याबरोबर शाळेचा पाण्याचा नळ उघडून पाहावा, तें पाणी शेवटचें कधीं तपासलें तें विचारावें, मुलींच्या स्वच्छतागृहाचें दार लागतें कीं नाहीं तें पाहावें आणि मुलाच्या वैद्यकीय तपासणीचा कागद मागून घ्यावा. दिपोटीसाहेबांनीं जो प्रश्न कधीं विचारला नाहीं, तो आतां पालकांनीं विचारावयाचा आहे.